पूजेत ठेवलेली कविता

लबाडी मी देवीच्या साक्षीने केली, तीही मैत्रीवरच्या कवितेसाठी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

१९५०च्या दशकातली गोष्ट. तंजावूरच्या कॉलेजात मी इंटरला होते. इंग्रजी कवितापाठाची स्पर्धा जाहीर झाली. नेमलेली कविता एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची होती. मित्र कधीही येईल म्हणून तो दाराला कडी लावत नाही, एवढीच गोष्ट. सद्गुण, श्रद्धा असले मोठे शब्द तिच्यात कुठे नव्हते. माझ्या वडिलांना, अप्पांना, ती फार आवडली. मंत्राची संथा द्यावी तशी त्यांनी ती मला दिली, एकेक ओळ दोनदा. मधेच म्हणायचे, "हें तर आपलेंच की गं! इंग्रज झाला म्हणून काय झालें?"

कवितेचं पुस्तक कॉलेजात एकच होतं आणि ते मी आधीच घरी आणलं होतं. ते हवं होतं माझ्या मैत्रिणीला. ती पापनाशमहून रोज रेल्वेने यायची. ख्रिस्ती घरातली, आवाज खणखणीत. तिच्या वडिलांनी बजावलं होतं, बक्षीस मिळालं तरच बी.ए., नाहीतर इंटरनंतर शिक्षण बंद. हे मला पुरतं ठाऊक होतं. पण ती उभी राहिली की माझ्याकडे कोण बघणार, हेही ठाऊक होतं. आज देते, उद्या देते करत मी तिला आठवडाभर झुलवलं.

मग सरस्वतीपूजा आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी पुस्तकं कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांपुढे रचून पूजेत ठेवतात. विजयादशमीला पुन्हा पूजा होईपर्यंत वाचायचं नाही, लिहायचं नाही. लहानपणी मला हा सण याचसाठी प्रिय होता. त्या वर्षी मी कॉलेजचं ते पुस्तकही नेऊन ठेवलं, अगदी तळाशी. स्पर्धा विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

दुपारी मैत्रीण दारात हजर. सुट्टी असून मुद्दाम रेल्वेने आली होती.

"पुस्तक पूजेत आहे. आज हात लावता येत नाही," मी साळसूदपणे सांगितलं. तिने मान हलवली आणि आईने दिलेलं सुंडल, म्हणजे नारळ घातलेले हरभरे, मुकाट्याने खाऊ लागली. चोराच्या मनात चांदणं! तिच्याकडे बघायची मला छाती होईना.

आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण माणसं वाचता यायची. तिने मला आत बोलावलं. "कॉलेजचें पुस्तक कधीं पूजेंत ठेवतेस तूं? आणि तें तळाशीं कां गेलें?"

मी समईची वात सारखी करू लागले.

"पुस्तक पूजेंत ठेवलेंस. तोंड तर ठेवलें नाहींस ना? जा, सांग तिला."

ओसरीवर आम्ही समोरासमोर बसलो. पूजेचा नेम माझा होता, तिचा नव्हता. तिने पिशवीतून वही काढली. मी एकेक ओळ म्हणत गेले, ती लिहीत गेली. शेवटचं कडवं आलं. म्हातारा आजारी पडतो आणि उघड्या दारातून मित्र आत येतो, ते कडवं. सगळी कविता त्याच्यावर उभी होती. मी थांबले. "संपली," असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर होतं, आणि मी म्हणालेही असते. पण ती मान वर करून नुसती वाट बघत होती.

"पुस्तक मी मुद्दाम पूजेत ठेवलं," मी म्हणाले. स्वतःची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

"तेरियुम," ती तमिळमध्ये म्हणाली. ठाऊक आहे. "दारात आले तेव्हाच तुझ्या तोंडावर दिसलं. शेवटचं कडवं सांग. माझी गाडी चुकेल."

मी सांगितलं, एकही शब्द न गाळता.

बक्षीस तिला मिळालं. टाळ्या वाजवताना मला रडू आलं आणि ते सगळंच काही आनंदाचं नव्हतं. पण पुढची दोन वर्षं बी.ए.च्या वर्गात ती माझ्याच शेजारी बसली.