डाळीएवढा बसू

नव्या, न धुतलेल्या कापडाला खळीचा जो कोरडा, किंचित आंबूस वास असतो, तो माझ्या धाकट्या भावाच्या अंगाला कायमचा लागलेला होता. सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या दुकानात सकाळचं ऊन फळ्यांवरून उतरून गादीवर येईपर्यंत बसवराजने, आमच्या बसूने, चार लुगड्यांच्या घड्या मोडलेल्या असत, आणि समोरच्या बाईला कोणता काठ शोभेल हे तो तिला मराठीत सांगे, अक्कलकोटकडच्या बायकांना कन्नडमध्ये सांगे, विणकर वस्तीतून आलेल्यांना मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगे. अंजिरी, मोरपंखी, चिंतामणी असं एकेक नाव त्याच्या तोंडून निघालं की तो रंग आधी कानाला दिसायचा आणि मग डोळ्यांना. अप्पा गल्ल्यावर शांत बसून राहत. बोलण्याचं काम मुलाकडे आहे, हे त्यांनी कधीच मान्य करून टाकलं होतं.

या बोलत्या मुलाला सोळाव्या वर्षापासून फिट यायच्या. बोलता बोलता नजर कुठेतरी अडकायची, ओठ चघळल्यासारखे हलायचे आणि मग तो असेल तिथे कोसळायचा. एकदा तो चहाच्या उकळत्या पातेल्यावर कोसळला आणि डावा हात कोपरापर्यंत भाजून निघाला. सांगोल्याहून एक स्थळ चालून आलं होतं. पाहुण्यांसमोर, हातात पोह्यांची बशी असतानाच तो पडला. पाहुणे अतिशय सभ्यपणे निघून गेले, आणि त्या सभ्यपणाचाच त्याला अधिक घोर लागला. औषधं बदलली, गोळ्या वाढल्या, त्यांच्या गुंगीने त्याच्या पापण्या जड झाल्या, पण पडणं थांबलं नाही. शेवटी पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की डाव्या कानाच्या वर, मेंदूच्या आत, या वादळाचं मूळ आहे. तेवढा भाग काढला तर फिट थांबतील, मात्र त्याच्यासोबत काही शब्दही जातील. किती आणि कोणते, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर, पावसाळा सरून स्वच्छ झालेल्या उन्हात वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला उभा राहून बसूने मला निर्णय सांगितला होता. "अक्का, शब्द गेले तर जाऊ देत की. पडायचं तरी थांबंल. लई पडलो." आणि थोडं थांबून म्हणाला, "ते काढतील ते तुझ्याकडंच द्या म्हणावं. परक्यानं कशाला बघायचं?"

माझं काम त्याला ठाऊक होतं. पुण्याच्या एका संस्थेत मी मेंदूच्या अतिसूक्ष्म तुकड्यांच्या प्रतिमा घेते. शस्त्रक्रियेत निघालेला तुकडा तत्काळ रसायनात बुडवला जातो, जड धातूच्या द्रावणाने काळाभोर केला जातो, राळेसारख्या पारदर्शक द्रव्यात घट्ट बसवला जातो, आणि मग हिऱ्याच्या धारेने त्याचे इतके पातळ पापुद्रे काढले जातात की केसाची जाडीही त्यांच्यापुढे भिंतीसारखी वाटावी. प्रत्येक पापुद्र्याचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चित्र घ्यायचं, चित्रं एकावर एक रचायची, आणि एकेका चेतापेशीचा तंतू हजारो चित्रांतून माग काढत न्यायचा. जिथे एक पेशी दुसरीला भेटते तिथे एक गडद रेघ दिसते आणि रेघेच्या अलीकडे बारीक बुडबुड्यांचा पुंजका. त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. माणसाचं ऐकणं, आठवणं, घाबरणं, सगळं त्या रेघेवरून जातं. आम्ही त्या रेघांचा नकाशा काढतो.

नमुन्यांना नावं नसतात. पण बसूच्या इच्छेबद्दल मी आमच्या प्रमुख बाईंना आधीच सांगितलं होतं. त्यांनी नियम तपासले, त्याची संमती स्वतः त्याच्याशी बोलून घेतली आणि मला विचारलं, "झेपेल?" मी हो म्हणाले. तुकडा आला तेव्हा तो तूरडाळीच्या दाण्याएवढा होता. मी हातमोजे घातले आणि रोजच्यासारखं काम सुरू केलं.

फिट थांबल्या. आणि शब्द गेले. आधी काठांची नावं गेली, मग रंगांची, मग गिऱ्हाइकांची. गादीवर बसून तो हात पुढे करी आणि म्हणे, "ते... ते हे... ते वरचं." ओळखीच्या बायका थांबून वाट पाहत, अनोळखी बायका पुढच्या दुकानात जात. तरीही त्या संक्रांतीला तो सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून, सोळाव्या वर्षानंतर पहिल्यांदाच कुणी दंड न धरता, गर्दीतून एकटा चालला. संध्याकाळी घामाने निथळत घरी आला, तोंडभर हसू, मिरवणुकीतल्या नंदीध्वजाच्या उंच काठीचं वर्णन करायला दोन्ही हात आकाशात उंच केले, आणि तो शब्द काही त्याला सापडेना. "ती उंच... चालणारी... अक्का, ती गं!" आमच्या आईने, अव्वाने, त्याच्या तोंडात तिळाची वडी घातली, आणि आम्ही सगळे हसलो. तो हसत राहिला, मग एकाएकी भिंतीकडे तोंड करून बसला.

शिवरात्र झाल्यावर एका सकाळी अव्वा चहा घेऊन त्याला उठवायला गेली. तो पालथा होता, तोंड उशीत. झोपेत आलेल्या एकाच फिटने त्याला नेलं, असं डॉक्टर म्हणाले. थांबलेलं वादळ दूर कुठे दडून बसलेलं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. आम्ही ते ऐकलं नव्हतं.

आम्हा लिंगायतांत मृतदेह जाळत नाहीत, बसवून पुरतात. भस्म लावण्यासाठी अप्पांनी त्याचं कपाळ हातात धरलं, तेव्हा त्यांचा अंगठा कानाच्या वरच्या त्या वाकड्या व्रणावर जाऊन थांबला. तिथेच, जंगम पुरोहित मंत्र म्हणत असताना, त्यांनी मला हळूच विचारलं, "हितलं काढलेलं कुटं हाय?"

मी खरं ते सांगितलं.

त्यानंतर मी सोलापुरातच राहिले. चित्रं संगणकावर असल्यामुळे माग काढण्याचं काम घरूनही होतं. चैत्राचं ऊन चढत होतं, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा गंध खोलीत साचलेला असे, आणि त्या दमट सावलीत मी माझ्या भावाच्या पेशी एकेक करून रंगवत बसे. एका दुपारी अप्पा माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले.

"हे त्याचंच?"

"हो अप्पा."

पडद्यावर एक पेशी निळी केलेली होती, तिच्या फांद्या काळोखात पसरलेल्या. त्यांनी बोट काचेला न लावता हवेतच तिच्यावरून फिरवलं.

"ह्यात त्याचं बोलणं कुटं हाय?"

"ते असं सांगता येत नाही. कोण कुणाला जोडलंय एवढंच दिसतं. काय बोलत होतं ते नाही दिसत."

"रोज बघतीस की."

"रोज बघते."

"मग?"

मी निळी पेशी आणखी मोठी करून दाखवली. अप्पा म्हणाले, "ज्याचे काप काढलेत ते र्‍हाऊ दे तुमच्याकडं. उरलंय ते आण. पोरगं अर्धं बसवलंय मी मातीत."

प्रमुख बाईंनी विनंती मान्य केली, आणि काही आठवड्यांनी मी उरलेला तुकडा घेऊन आले. राळेत बसलेला काळा ठिपका, लहान डबीत, कापसावर. अव्वाला सांगायचं नाही असं अप्पांचं म्हणणं होतं, पण आम्ही निघालो तेव्हा ती पायात चप्पल घालून दारात उभीच होती. समाधीवरची माती तापून फुटली होती. अप्पांनी खुरप्याने वीतभर खड्डा केला, आणि डबी ठेवायला मी वाकले तेवढ्यात अव्वाने ती माझ्या हातातून घेतली, उघडली, आतल्या काळ्या कणाकडे पाहिलं. भाजलेल्या हातावर ती त्याच्या लहानपणीसारखी फुंकर घालायची, तशीच तिने त्यावर हलकी फुंकर घातली. मग तो कण खड्ड्यात सोडला आणि म्हणाली, "तगो, बसू." घे. तेवढा एकच कन्नड शब्द. अप्पांनी माती लोटली. घरी परतताना रिक्षात तिघांपैकी कुणीच बोललं नाही. आमच्या घरात बोलण्याचं काम ज्याच्याकडे होतं तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा संगणकासमोर बसले. काही दिवसांपासून एका लांब तंतूच्या मागे होते. इतर पेशींना वाटेत शिवत, वळत, बारीक होत तो शेकडो चित्रांतून चालला होता, आणि त्या दुपारी तो तुकड्याच्या कडेला पोचला. पुढे चित्र नव्हतं. अशा जागी एक खूण करायची असते, जिचा अर्थ 'येथे समाप्त' असा होतो. मी ती आजवर असंख्य वेळा निर्विकारपणे केली आहे. या वेळी हात थबकला. तंतू तिथे संपलेला नव्हता, तिथून सुरी गेली होती. पलीकडे तो आणखी कुठेतरी पोचत होता, बहुधा एखाद्या अशा पेशीपाशी जी शस्त्रक्रियेनंतरही बसूच्या डोक्यात जागी राहिली, आणि यात्रेतून आल्यावर दोन्ही हात उंच करून तो जो शब्द शोधत होता त्यासाठी तिने या कापलेल्या बाजूला पुन्हा पुन्हा हाक दिली असेल.

स्वयंपाकघरात अव्वा भाकरी थापत होती. मी खूण केली आणि पुढच्या तंतूकडे वळले.