घुमटीवर वड

आमच्या होडीला इंजिन नव्हतं म्हणून तिला बोलावणं आलं. एरवी मालवणच्या किनाऱ्यावर बिनइंजिनाच्या होडीला कोण विचारतो? २००६ साल होतं. वाडीतल्या सगळ्या होड्यांना मागे मशीन लागलेलं, आणि बाबांची आंब्याच्या लाकडाची होडी माडाखाली झावळ्यांची झापं पांघरून पडलेली. पुण्यामुंबईचे काही हौशी लोक छोट्या होड्यांची मोहीम काढत होते. शीड आणि वल्ही, इंजिन अजिबात नाही. मालवण ते वेंगुर्ला, दोन दिवस, मधला मुक्काम कर्लीच्या खाडीत. आपल्या फायबरच्या होड्यांबरोबर एक-दोन इथल्याही हव्यात म्हणून ते वाडीत चौकशी करत आले, आणि कुणीतरी गंमत म्हणून आमच्या घराकडे बोट दाखवलं.

बाबा तेव्हा सत्तरीला टेकले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कुडाळच्या शिबिरात मी त्यांना दोनदा नेलं, आणि दोन्ही वेळा ऑपरेशनचं नाव निघताच ते चपला शोधायला लागले. आई आणि काकांनी ठरवून टाकलं होतं की शिमग्याच्या आत होडी मोडायची. माणसाला समोरचं दिसत नाही, एक दिवस कुठेतरी आपटेल, त्यापेक्षा लाकूड झालेलं बरं. बाबा भांडले नाहीत. पाहुणे चहा पिऊन गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "ही एक खेप माका करूक दिया. नीट न्हेली तर होडी ऱ्हवतली. नाय तर तुमी म्हणतास तसा."

आई आणि काका कबूल झाले. मग बाबा माझ्याकडे वळले. "हात माजे, डोळे तुजे. येतलस मा?"

मी ओरसच्या कचेरीत कारकून. दोन दिवसांची रजा टाकली. नाही म्हणायची ती वेळ होती, हे मला आता कळतं.

कारण समुद्राचं आणि माझं कधीच जमलं नाही. लहानपणी बाबा मला बरोबर न्यायचे आणि खुणा शिकवायचे. खूण म्हणजे जमिनीवरच्या दोन गोष्टी एका रेषेत येणं. मागचं देऊळ पुढच्या माडावर 'आलं' की इथे खडक आहे, डोंगराची खाच अमक्या घराच्या कौलावर आली की इथे जाळं टाकायचं. पाण्यावर काही लिहिलेलं नसतं, सगळं किनाऱ्याकडे बघून समजायचं. त्यांच्या डोक्यात अशा शेकडो खुणा होत्या. ते बोट दाखवून सांगायचे आणि मी मान हलवायचो. मला बोट लागायची, त्यामुळे माझं सगळं लक्ष पोटातलं पोटात ठेवण्याकडे असायचं. "कळला?" असं विचारलं की "कळला" म्हणायचं, म्हणजे लवकर घरी जाता यायचं. ती सवय मला तेव्हाच लागली.

निघायच्या दिवशी सकाळी धक्क्याजवळ नऊ होड्या जमल्या. पाहुण्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं, डोक्याला टोप्या, नाकाला पांढरं मलम. त्यांच्यातल्या एका बाईनं मला विचारलं, तुम्ही नेहमी जाता का समुद्रात? मी म्हणालो, "आमचं आयुष्यच दर्यावर गेलं." बाबा शीड बांधत होते, त्यांनी ऐकलं असावं. मला वाटतं त्यांना बरं वाटलं.

पहाटेच्या मतलई वाऱ्यानं होड्या किनाऱ्यापासून बाहेर काढल्या आणि नऊच्या सुमारास वारा पडला. मग वल्ही. बाबांनी ठरवलं होतं की भरती असतानाच, दुपारपर्यंत, खाडीत शिरायचं. पण मी तासाभरात घायकुतीला आलो. तळहाताला फोड आले, ते फुटले, वर खारं पाणी. बाबा एकटे दोघांचं वल्हवत होते आणि तरी आम्ही मागे पडत होतो. मी सारखा थांबत होतो. ते म्हणत, "घे दम, घे." दुपारी वायव्येचा वारा सुटला तेव्हा कुठे शीड भरलं आणि होडी पळायला लागली. भरती मात्र निघून गेली होती.

तो दीड-दोन तासांचा वेळ बाबांचा होता. सुकाणू काखेत, चेहरा वर, डोळे जवळजवळ मिटलेले. वारा त्यांना गालावर कळत होता. फायबरच्या होड्यांना एकेक करून आम्ही मागे टाकलं. मोहिमेचा म्होरक्या बाजूनं ओरडला, "काका, खाडीत तुम्हीच पुढे व्हा, आम्ही मागून येतो." बाबांनी नुसता हात वर केला. इतकं खूश मी त्यांना फार वर्षांनी बघत होतो.

कर्लीच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. लाट त्यावर येऊन फुटते. आत जायची वाट एकच, अरुंद, आणि ओहोटीला तर फारच अरुंद. पाहुण्यांच्या हातातल्या जीपीएसला आपण कुठे आहोत ते कळत होतं, वाळू कुठे आहे ते कळत नव्हतं. बाबांना कळत होतं. पाण्याजवळ एक पांढरी घुमटी, म्हणजे इवलंसं देऊळ, तिच्या मागे डोंगरावर एक जुना वड. वड घुमटीवर आला की वळायचं, आधी नाही आणि नंतर नाही.

"घुमटी दिसता?" बाबांनी विचारलं.

"दिसता." ती खरंच दिसत होती, ठसठशीत.

"वड?"

मी डोंगराकडे बघितलं. डोंगरभर झाडं. उन्हानं सगळी एकाच रंगाची झालेली. त्यातला वड कोणता? लहानपणी मला तो दहा वेळा तरी दाखवला असेल. उजवीकडे एक घेरदार झाड होतं, डावीकडे लांब आणखी एक. 'बाबा, माका कळना नाय', एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी शीड उतरवलं असतं, आम्ही बाहेर थांबलो असतो, पुढच्या भरतीला आत गेलो असतो. पण मागे आठ होड्या आमच्याकडे बघत होत्या, आणि सकाळी मला विचारणारी ती पांढऱ्या नाकाची बाई त्यातल्या सगळ्यात जवळच्या होडीत होती.

"दिसता," मी म्हणालो.

"घुमटीवर इलो काय सांग."

उजवीकडचं झाड घुमटीवर सरकत आलं.

"इलो."

"नक्की मा रे?"

"इलो म्हणतंय मा!" मी त्यांच्यावर खेकसलो.

त्यांनी सुकाणू फिरवलं. मग काही क्षण सगळं ठीक होतं. मग खालून करकर आवाज आला, होडी जागच्या जागी थांबली आणि मागून लाट आली. तिनं आम्हाला आडवं केलं. दुसऱ्या लाटेनं उलांडी मोडली, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेला ओंडका दांड्यांसकट गेला, आणि होडी आमच्या अंगावर उलटली. पाणी कमरेएवढंच होतं. बाबा मला आधी चाचपून शोधत होते. मी सापडल्यावर त्यांनी होडीला हात लावला. तिच्या बुडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती.

बाकीच्या होड्या बाहेर थांबल्या आणि नंतर खाडीकाठच्या देवबागच्या एका माणसानं त्यांना आत घेतलं. ओहोटीनं उघड्या पडलेल्या त्याच वाळूवर संध्याकाळी सगळे आमच्याभोवती जमले. माणसं चांगली होती, हीच अडचण. म्होरक्या म्हणाला, "काका, वाळू दरवर्षी सरकते, तुमचा काही दोष नाही." बाबा ओल्या अंगानं उभे होते. ते त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलायचा प्रयत्न करत होते, कचेरीत बोलतात तसं. "नाही. माझी खूण चुकली," ते म्हणाले. "वाट होती. मीच चुकलो. माफी करा."

मी तिथेच, त्यांच्यापासून दोन हातांवर, ओला दोर गुंडाळत होतो. तो तसाच गुंडाळत राहिलो.

होडी टेम्पोतून घरी आली. मार्चमध्ये मी कुणाला न सांगता एसटीनं देवबागला गेलो आणि तिथल्या एकाच्या होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत गेलो. वड जिथल्या तिथे होता. मी धरलं होतं त्या झाडाच्या बराच डावीकडे, चांगला दांडगा, पारंब्यांचा. न दिसायला काही कारणच नव्हतं. तो घुमटीवर आला तेव्हा होडीवाला वळला आणि आम्ही सरळ आत गेलो. तो म्हणाला, "जुनी मानसा सगळी ह्याच खुणेन येयत."

घरी जाऊन सांगायचं असं ठरवूनच परतलो. अंगणात काका कुऱ्हाडीनं होडी फोडत होते आणि बाबा दुसरं टोक हलू नये म्हणून धरून बसले होते. मी आत जाऊन कपडे बदलले. माझी अब्रू मला बाबांपेक्षा प्यारी होती, याला दुसरं नाव नाही.

त्याआधी वाडीतले लोक खुणा विचारायला बाबांकडे येत. आता कुणी आलं की ते म्हणत, "माका इचारू नकात. माज्या खुणांचा काय खरा नाय." हळूहळू लोक यायचे थांबले. एकदा मी वही घेऊन बसलो, म्हटलं सांगा, लिहून ठेवतो. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. माझं चुकलेलं लिहून ठेवशील आणि कुणीतरी मरेल, म्हणाले. डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनी शेवटपर्यंत केलं नाही. बघायचं काय आहे आता, असं विचारायचे.

२०१० च्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी सगळं सांगितलं. वड मला दिसला नव्हता, मी दुसरंच झाड धरलं, नंतर जाऊन बघून आलो, खूण बरोबर होती, तुमच्या सगळ्या खुणा बरोबर आहेत. सांगताना मी रडत होतो. मग त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि दोन वेळा थोपटला.

"माजी कीव येता म्हणान सांगतस, होय मा?"

"नाय बाबा, खराच."

"ऱ्हवांदे रे. जन्मात माज्याकडे खोटा बोललस नाय. आता माज्यासाठी कशाक बोलतस?"