मुक्ताबेनचा हात

आमच्या राजकोटात इंजिनांच्या कंपनीची वार्षिक सभा म्हणजे घरचंच लग्न. भागधारक आधी गाठिया-पेढ्यांचा डबा ताब्यात घेतात आणि मग उठून साहेबांचे गोडवे गातात. त्यात माझा नंबर पहिला. एकोणीस वर्षं मी तेच केलं, तेव्हा मुक्ताबेन पंचासरांबद्दल मी लिहिणं जरा निर्लज्जपणाचंच आहे.

मुक्ताबेन माझ्या शेजारच्या. नवरा त्याच कंपनीत लेथवर होता. जाताना मागे थोडे शेअर ठेवून गेला. बेननी स्वतः कॉलेजच्या परीक्षा विभागात एकतीस वर्षं काढली. पदव्यांच्या कागदांवर नावं त्या लिहायच्या, मोत्यांसारख्या अक्षरात. आता दोन्ही गुडघे गेलेले. शेअर विकून ऑपरेशन करायचं ठरलं होतं, डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीखही दिली होती.

त्या वर्षी अहवालात आमचे मॅनेजिंग डायरेक्टर रसिकभाई भालोडिया यांचा फोटो आला. खाली छापलं होतं, इंजिनियर, बेनच्याच कॉलेजचं सुवर्णपदक, आणि साल. बेननी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"जीवणभाई, त्या सालचं पदक एका मुलीला होतं. तिचं नाव मीच लिहिलंय. आणि हे नाव मी कधी लिहिलेलंच नाही."

"हजारो नावं लिहिलीत बेन, विसरला असाल."

त्यांनी वाद घातला नाही. कॉलेजला पत्र टाकलं आणि वाट बघत बसल्या. उत्तर आलं, हा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी नापास होऊन कॉलेज सोडून गेला.

मी व्यवहाराचं बोललो. "आधी शेअर विका, मग काय ते बोला. तुम्ही तोंड उघडलंत की भाव कोसळणार."

"आणि विकत घेणाऱ्याला कोणी सांगायचं?"

मला रागच आला. असल्या माणसांचा येतोच.

सभेत डबा न उघडता खुर्चीवर ठेवून त्या काठी टेकत उभ्या राहिल्या आणि कॉलेजचं पत्र वाचलं. मागून एकजण ओरडला, "ओ बा, बसा की खाली! माणूस दरवर्षी डिव्हिडंड देतोय, डिग्री काय चाटायचीय?"

"माझा नवरा सातवी पास होता. त्याच्या कामाला कोणी नाव ठेवलं नाही," बेन म्हणाल्या. "शिक्षण नाही, त्याचं मला काही नाही. पण या पुस्तकातली एकच गोष्ट मला तपासता आली, आणि ती खोटी निघाली. बाकीची पानं कशाच्या भरवशावर खरी मानू, रसिकभाई?"

रसिकभाईंनी घाम पुसला. "नापास झालो होतो," ते म्हणाले. "बापूजींना सांगायची हिंमत झाली नाही. मग तेच चालू राहिलं."

लोकांना गहिवर आला. टाळ्या पडल्या! लगेच फेरनेमणुकीचा ठराव आला आणि झाडून सगळ्यांचे हात वर झाले. माझाही झाला, लाज वाटते सांगायला. मुक्ताबेनचा तेवढा काठीवर राहिला.

महिन्याभरात भाव निम्म्यावर आला. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. बेननी मला एकदाही बोलून दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी त्या पुन्हा सभेला आल्या. पायरीपायरीला थांबत होत्या. ते बघून रसिकभाई स्वतः धावत खाली आले. अहवालात या वेळी त्यांच्या फोटोखाली 'शिक्षण अपूर्ण' असं छापलं होतं.

"बा, आता तरी विश्वास बसला ना?"

"हात द्या भाई, पायऱ्या फार आहेत," बेन म्हणाल्या. "मत मात्र अजून नाही."