काचेच्या पेटीतले दहा दिवस

माझी आई खोटं बोलते, याची खात्री मला डोंबिवलीच्या एका दवाखान्यात, खुर्चीत बसल्या बसल्या झाली. माझं पहिलंच बाळंतपण, चौथा महिना संपत आलेला. फाइलवर डॉक्टरीणबाईंनी माझ्या वयाभोवती लाल पेनाने गोल केला होता. सदतीस. रक्ताचा रिपोर्ट अगदी काठावर आला होता. बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता आईचं वय धरून काढतात आणि माझं वय जास्त, म्हणून पोटात सुई घालून पाणी काढावं आणि तपासावं, असं त्या म्हणाल्या. त्यात गर्भ पडण्याचा धोका थोडा असतो, हेही सांगितलं. तो 'थोडा' त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला त्याचाच संशय आला. आठ वर्षं वाट बघून राहिलेलं बाळ होतं ते.

शेजारी बसलेली आई एकदम म्हणाली, "अहो डॉक्टर, हिचं वय एवढं नाहीचे. हिच्या वडलांनी शाळेत घालताना दीड वर्ष वाढवून सांगितलेलं. मी कामाला जायची, हिला सांभाळणार कोण? मग मास्तरांनी लिहून घेतलं."

एक जून ही तारीख मास्तरांची, हे मला ठाऊक होतं. मोहन्याच्या आमच्या चाळीत निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनलाच यायचा. पण वर्षसुद्धा खोटं? इतकी वर्षं अवाक्षर नाही आणि आज सुईचं नाव निघाल्यावर बरं आठवलं! वडील जाऊनही आता पाच वर्षं झाली होती, विचारणार कोणाला?

"जन्माचा काही कागद असेल तर आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गणित पुन्हा करून घेऊ. पण आठवड्याच्या आत."

"आहे ना, दवाखान्याचं कार्ड आहे ट्रंकेत," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन केला तर कार्ड सापडत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ट्रंकेची किल्ली सापडत नव्हती. चौथ्या दिवशी तिने फोनच उचलला नाही. मी काय ते समजले. गोड थापा मारायची तिला जुनी सवय. लहानपणी मला इंजेक्शनला नेताना भेळ खायला नेते म्हणायची. आताही तेच चाललं होतं, फक्त मी सदतीस वर्षांची होते आणि तिच्या थापेवर माझ्या बाळाचं काय ते ठरणार होतं. रागाने मी कल्याणहून रिक्षा केली आणि सरळ मोहन्याला आईच्या घरी गेले.

"कार्ड नाहीच आहे ना?" दारातूनच विचारलं.

तिने ट्रंक उघडली, लग्नातल्या शालूखालून प्लास्टिकची पिशवी काढली आणि कार्ड पुढे धरलं. एक मिनिटही लागलं नाही. तारीख डिसेंबरची होती, आणि साल शाळेच्या दाखल्यावरच्यापेक्षा एक पुढचं. म्हणजे बाई खरं बोलत होती! मग लपवत काय होती? तिचा अंगठा कार्डाच्या खालच्या भागावर घट्ट होता. मी तो बाजूला केला. आईचं वय वीस. बाळाचं वजन एक किलो आठशे.

"वीस नव्हतं," ती म्हणाली. "सोळा होतं. तुझ्या आजीने वीस लिहायला लावलेलं. सिस्टर बोलली, आईच अजून कवळी आहे, पोर कुठनं भरणार? दहा दिवस तुला काचेच्या पेटीत ठेवलेलं. नंतर पण तू सारखी आजारी. मला वाटायचं, हे कार्ड तुझ्या हाताला लागलं ना, की तू बोलशील, आई, तुझ्यामुळे झालं हे सगळं."

मला रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. पस्तीस वर्षं ती माझ्याकडून एका आरोपाची वाट बघत होती आणि मी दुसराच घेऊन तिच्या दारात उभी होते.

"सोळाव्या वर्षी तुला कोणी विचारलेलं का?" मी म्हटलं. तिने कार्ड पुन्हा पिशवीत घातलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

कार्ड दाखवल्यावर गणित पुन्हा झालं. आकडा काठाच्या अलीकडे आला, सुई टळली. रक्त तेच, बाळ तेच, फक्त वय बदललं, मग भरवसा धरायचा कशावर? नवव्या महिन्यापर्यंत प्रत्येक सोनोग्राफीत मी पडद्याकडे कमी आणि डॉक्टरच्या चेहऱ्याकडे जास्त बघितलं.

बाळंतपणाच्या वेळी आईला माझ्याजवळ थांबू दिलं होतं. बाळ रडलं. सिस्टरने काट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "दोन किलो नऊशे. मस्त आहे."

"काटा बरोबर आहे ना तुमचा?" आई म्हणाली. "परत ठेवा."

सिस्टर हसली, पण तिने ठेवलं. आईने वाकून आकडा स्वतः वाचला. मग पुन्हा एकदा, मोठ्याने. मग पदर तोंडाला लावून तिथल्या स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

मुलगा की मुलगी, हे तिने बऱ्याच वेळाने विचारलं.