दगडी काहीच करत न्हाई

सोळा वर्षं झाली मला अंगणवाडीत. सरकारने रजिस्टरं पुष्कळ दिली. वजनाचं वेगळं, लसीचं वेगळं, खाऊचं वेगळं. किश्श्यांचं मात्र एकही नाही. त्यामुळे ते सगळे माझ्याच डोक्यात साचून राहतात आणि चार माणसं चहाला बसली की सांडायला लागतात. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटाला धरून सात येतात.

आज एकाच लेकराचे सांगते. पुसेगावपासून स्कूटीवर पंधरा मिनिटांवर आमचा तांडा. तिथल्या जमनाबाईंची ही नात.

जमनाबाईंची सून कविता. तिची आधीची दोन लेकरं गेलेली. एक आठ दिवसांचं होऊन, दुसरं तर रडलंच नाही. तिसऱ्या खेपेला साडेसातव्या महिन्यातच पोरगी झाली, दीड किलोचीसुद्धा नाही. महिनाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हिच्या पायांकडे लक्ष ठेवा. जरा कडक वाटतात. चालायला त्रास होऊ शकतो."

जमनाबाईंनी नातीचं नाव ठेवलं दगडी. दगडाला कोणाची नजर लागत नाही म्हणून. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. नात जे जे करेल ते कबूलच करायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, जमनाबाई तर पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या.

*

दगडी तीन महिन्यांची असताना मी कार्ड भरायला गेले. पहिलाच प्रश्न, बाळ हसतं का. दगडी माझ्याकडे बघून बोळकं पसरून हसत होती.

"जमनाबाई, हसते व्हय ही?"

"न्हाई."

"अहो, आता माझ्यासमोर हसून राहिली की."

"ते गॅसनं."

दगडीनं आता आवाज काढून हसून दाखवलं.

"लई गॅस हाय," जमनाबाई म्हणाल्या आणि तिच्या तोंडावर पदर टाकला.

घरच्यांनी सांगितलेलं लिहायचं असतं, आणि खरं म्हणजे मला म्हातारीचं मन मोडवेना. मी 'नाही' लिहिलं. एका 'नाही'नं काय बिघडतंय, असं वाटलं.

*

सहाव्या महिन्यात पालथं पडण्याची पाळी. मी गेले तर गोधडी दाराशी आणि दगडी कणगीजवळ, पोटावर, मान वर करून मुठीत आलेला खराटा चाखून बघत असलेली.

"ही इथवर कशी आली?"

"मांजरानं ढकलली."

"कुठंय मांजर?"

"ढकलून गेलं की."

आत कविता भाकरी थापत होती. तिनं तोंडात पदर कोंबला होता, पण खांदे हलत होते. मी पुन्हा 'नाही' लिहिलं.

*

नवव्या महिन्यात आमच्या सिस्टर लस द्यायला आल्या. लसीबरोबर चमच्यानं एक गोड औषध पाजायचं असतं. सिस्टरनं विचारलं, "दात आले का?" जमनाबाई म्हणाल्या, "अजून हिरडीबी सुजली न्हाई."

सिस्टरनं हनुवटी धरली, बोट जरा आत गेलं, आणि त्या अशा ओरडल्या की रांगेतली चार लेकरं सुईच्या आधीच रडायला लागली. त्यांनी बोट जमनाबाईंपुढे धरलं. वर दोन खुणा, खाली दोन खुणा.

जमनाबाईंनी बोट नीट निरखलं. "सिस्टर, तुमी तुमचं बोट दाखवा कुणाला. तकलीफ दिसून राहिली त्याला."

*

हे सगळं अंगाशी यायचंच होतं. दहाव्या महिन्यात आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनी रजिस्टर उघडलं. दगडीच्या नावापुढे 'नाही'ची ओळच ओळ. मॅडम चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. "ताई, हे लेकरू काहीच करत नाही, आणि तुम्ही मला आज सांगताय?" आठवडाभरात लेकरं तपासणारी डॉक्टरांची गाडी तांड्यावर हजर.

डॉक्टरीणबाई नवीन होत्या, हात फार हळुवार. त्यांनी अंगणवाडीत चटई अंथरून दगडीला निजवलं. "आजी, ही बसते का?"

"न्हाई."

दगडी उठून बसली.

"रांगते?"

"कुठलं रांगते जी."

तोवर दगडी चटई ओलांडून गेली होती आणि डॉक्टरीणबाईंच्या गळ्यातली नळी ओढून राहिली होती. हातच्या काकणाला आरसा कशाला? डॉक्टरीणबाईंनी दगडीकडे बघितलं, मग जमनाबाईंकडे, मग माझ्याकडे. मी छताचा पंखा बघत होते. ड्रायव्हरसकट सगळी गाडी हसली.

मग बाईंनी दगडीला काखेत धरून उभं केलं. तिनं पाय काठीसारखे ताठ केले, टाचा काही टेकवल्या नाहीत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बाईंचं हसू गेलं. "दीड महिना आधी झालीय, म्हणजे अजून वेळ आहे. पण हे व्यायाम रोज चार वेळा झाले पाहिजेत. सव्वा वर्षापर्यंत उभी राहिली नाही तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

गाडी गेली. जमनाबाई चटईवर बसून होत्या. पहिल्यांदाच त्यांनी मला सरळ काहीतरी विचारलं.

"ताई, चालंल न्हवं ही?"

"चालंल की," मी म्हणाले. मला काहीही माहीत नव्हतं. सोळा वर्षांत इतकं अंदाजपंचे मी कधी बोलले नव्हते, आणि त्या रात्री मला नीट झोप आली नाही.

*

व्यायाम कविता आणि जमनाबाईंनी वाटून घेतले. टाच दाबायची, गुडघा वाकवायचा, पाय सायकलसारखे फिरवायचे. जमनाबाईंना दहाच्या पुढे आकडे येत नव्हते, म्हणून त्या दहा-दहाचे ढीग करायच्या, ज्वारीचे दाणे मांडून. एकदा दगडीनं अख्खा ढीग तोंडात घातला. जमनाबाईंनी बोटानं दाणे काढले, पुसले, आणि व्यायाम पहिल्यापासून सुरू केला. "मोजणीत घोळ नको," म्हणाल्या.

वर्षाचा वाढदिवस त्यांनी केलाच नाही. तांड्यावर दगडीच्या मागून जन्मलेली दोन पोरं भिंत धरून फिरायला लागली होती. मी विचारायची, "उभी राहते का?" त्या म्हणायच्या, "न्हाई." पण आता असं म्हणताना माझ्याकडे बघायच्या नाहीत. आधीचं 'न्हाई' त्या कशा ठसक्यात सांगायच्या, ते आठवून मला वाईट वाटायचं. खोट्या 'न्हाई'ची मला इतकी आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

*

आता शेवटचा.

दगडी सव्वा वर्षाची झाली त्याच आठवड्यात वजनाचा दिवस होता. अंगणवाडीत तीसेक बाया, तेवढीच लेकरं, त्यात काट्याची दोरी गुंतलेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली मुदत भरली होती. कवितानं मोठ्या दवाखान्यात जायची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. जमनाबाई दाराजवळ बसल्या होत्या, आणि कवितानं दगडीला आतल्या भिंतीशी खाऊच्या डब्याला टेकवून ठेवलं होतं.

मी नाव पुकारलं, "दगडी!"

दगडी डबा धरून उठली. दोन्ही टाचा जमिनीवर. मी हातातला पेन तसाच धरून राहिले. कविता तिला धरायला पुढं झाली, मी तिचा हात धरला.

दगडीनं डबा सोडला. जरा डुलली. मग एक पाऊल टाकलं, मग दुसरं. बायांनी आपापली लेकरं ओढून वाट करून दिली. तिसरं, चौथं, पाचवं. दगडी हात पसरून सरळ दाराकडे चालली होती, जमनाबाईंकडे. कोणाला दिसू नये म्हणून ज्यांनी वर्षभर तिच्यावर पदर टाकला, त्यांच्यापर्यंत ती सगळ्या तांड्यादेखत येऊन पोचली आणि तिनं त्यांचा गुडघा धरला.

तीस बाया जमनाबाईंकडे बघत होत्या.

जमनाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं. दोन्ही हातांनी त्यांनी पोरीला घट्ट धरलं होतं. त्यांनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, आणि म्हणाल्या,

"कोणाचं हाय बाई हे लेकरू?"