गोधडीची मालकीण

कागदोपत्री माझा वाढदिवस एक जूनला येतो. वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांचा तोच होता. आमच्याकडे लेकरू शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारत, "कधी झालं?" आणि बाप डोकं खाजवी, मग गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. माझे बाबा मात्र डोकं खाजवणाऱ्यांतले नव्हते. ते हिंगोलीला कोर्टात कारकून होते आणि येताना हिशोब करूनच आले होते. मी झाले कापूस वेचणीच्या दिवसांत. बाबा गुरुजींना म्हणाले, "एक जून लावा, पण दीड वर्ष कमी करून लावा. उद्या सरकारी नोकरीला वयाची अट आडवी येते. हाताशी असलेलं बरं." अशा रीतीनं माझ्या आयुष्यातलं दीड वर्ष बाबांनी माझ्याच भल्यासाठी राखून ठेवलं. त्याचा त्यांना फार अभिमान होता, पाहुणे आले की सांगत.

तेच दीड वर्ष पुढं माझ्या पायात आडवं आलं. मी तेव्हा बारावीत होते.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. बसस्टँडकडच्या रस्त्यावर नेट कॅफे निघाले होते. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत संगणकाचा कोर्स केला होता, आणि कोर्स केलेल्या माणसाला वाटतं तसं मलाही वाटायला लागलं होतं की आता जगाचं माझ्यावाचून अडलंय. फुकटात वेबसाइट काढता येते हे कळल्यावर तर मला झोप येईना. फक्त वेबसाइटवर काय ठेवायचं ते सुचत नव्हतं.

सुचलं ते मायला पाहून. आईला आम्ही माय म्हणतो. माय दुपारचं काम आवरलं की गोधडी शिवायला बसायची. तिचं माहेर जवळा बाजारचं, तिथल्या बायकांसारखा तिचा धावदोरा बारीक आणि सरळ. जुनी लुगडी, फाटके सदरे, बाबांच्या पँटी, काहीही तिच्या हाती लागलं की त्याची गोधडी व्हायची. पुण्याचे एक पाहुणे थंडीत मुक्कामाला आले आणि जाताना पांघरलेली गोधडी मागून घेऊन गेले. मी ठरवून टाकलं: लोकांनी आपली जुनी लुगडी आमच्याकडं पाठवायची, माय शिवणार, आम्ही पोस्टानं परत पाठवणार. कल्पना माझी, वेबसाइट माझी, म्हणून धंदाही माझा. माय काय, शिवतच होती की.

वेबसाइट चालू करताना एक चौकोन आला. त्यात बरोबरची खूण करून सांगायचं होतं की मी अठरा वर्षांची आहे. मी कापूस वेचणीला स्मरून खूण केली. त्या हिशोबानं मला अठरा झालेच होते.

पहिली ऑर्डर बेंगळुरूच्या एका बाईंची आली. पार्सलमध्ये दोन सुती साड्या होत्या आणि माझ्या नावाचा चेक. माझ्या नावाचा! मी तो घेऊन बँकेत गेले. खिडकीतल्या साहेबांनी माझा शाळेचा दाखला मागितला, वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बेटा, धंदे का खाता ऐसे नहीं खुलता. पापा को लेके आओ." मी म्हटलं, मला अठरा पूर्ण झालेत. ते म्हणाले, "कागज पे तो साढे सोला है." मागं रांगेत उभे असलेले एक आजोबा उगीचच हसले. मी घरी येईपर्यंत रडले नाही, घरी आल्यावर मात्र दप्तर फेकलं.

"तुमीच केलं हे," मी बाबांना म्हटलं. "काहून कमी लावलं माझं वय?"

बाबांनी शांतपणे चहा संपवला. कोर्टातून घरी आल्यावरही त्यांच्या अंगातलं कोर्ट उतरत नसे. "वय लावलं ते बराबरच लावलं," ते म्हणाले. "तुला धंद्याची अक्कल लवकर आली त्याला मी काय करू? पयलं सांग, त्या बाईसंगं तू सौदा कोन्या अधिकारात केला? अठराच्या आतल्या लेकरानं केलेला करार म्हंजे केलाच न्हाई असं कायदा समजतो. उद्या तिचा चेक वटला न्हाई तर तू तिच्यावर दावा लावू शकत न्हाईस. आन् तिच्या साड्या तुझ्या घरात पडून हायेत. त्या उंदरानं कुरतडल्या तर?"

"तर मी भरून देईन."

"कशातून?"

मग मीच तोडगा काढला: चेक, खातं, दुकानाचं लायसन्स, सगळं बाबांच्या नावावर करायचं. बाबा असे दचकले, जसं काही मी त्यांना चोरीच करायला सांगितली. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, विनापरवानगी केला तर नोकरी जाते, हे त्यांनी मला निरनिराळ्या शब्दांत संध्याकाळभर सांगितलं. भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडं हात करून म्हणाले, "कायदा ज्यांनी लिहिला त्यांचा फोटो ज्या घरात, त्या घरात बेकायदा कामं व्हायची न्हाईत."

राहता राहिली माय. ती चुलीजवळ भाकरी थापत सगळं ऐकत होती. बाबा तिच्याकडं वळले तशी म्हणाली, "मला काय करायचंय नाव घेऊन? लावा कोनाचं बी."

असं मायचं नाव लागलं. बँकेत तिचं खातं निघालं, दुकानाच्या लायसन्सवर तिचा फोटो चिकटला, वेबसाइटच्या तळाशी 'मालक' असं लिहून त्यापुढं मायचं नाव मी स्वतः टाईप केलं, आणि टाईप करताना दात खाल्ले. बाबांनी मला शब्द दिला होता: कागदावर अठरा भरले की त्याच दिवशी सगळं तुझ्या नावावर. मायही हो म्हणाली होती. मी एक जूनवर डोळा ठेवून दिवस काढायला लागले.

या दीड वर्षात बाबांनी आमचा धंदा कायद्यानं शुद्ध करून घेतला. वेबसाइटवाल्यांच्या अटी मी त्यांना छापून आणून दिल्या. ती पानंच्या पानं त्यांनी हातात पेन्सिल घेऊन वाचली. जगात त्या अटी शेवटपर्यंत कुणी वाचल्या असतील तर ते माझे बाबाच, याबद्दल माझी खात्री आहे. मी दुसऱ्या कुठल्या साइटवरून एक सुंदर गोधडीचा फोटो उचलणार होते, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या वावराचा फोटो दाखवून आपली ज्वारी विकायची?" मग मायची गोधडी दोरीवर टाकून, शेजारच्यांची शेळी दोनदा हाकलून, आम्ही स्वतःचा फोटो काढला. माल परत घेण्याची अट त्यांनी स्वतः लिहिली. ती अशी सुरू व्हायची: 'सदर गोधडी प्राप्त झाल्यापासून सात दिवसांचे आत.' मी तिचं इंग्रजी करताना 'सदर' गाळलं, तर त्यांना ते आवडलं नाही.

आणि माय? तिला नाव घेऊन काय करायचं नव्हतं ना, ती हळूहळू मालकीण व्हायला लागली. कुठली ऑर्डर घ्यायची ते ती ठरवू लागली. ऐन सणाच्या आठवड्यात काम नाही म्हणजे नाही. गिऱ्हाईकांना मी इंग्रजीत पत्रं लिहायचे, पण मजकूर तिचा. "तिला लिही, साडी पावली. लिही, काठ जीर्ण झालाय, गोधडीच्या पोटात घालते. आन् इचार, लेकरं बरी हायेत का?" धंद्याच्या पत्रात असं विचारत नाहीत म्हटलं तर म्हणायची, "तू लिही. धंदा कोनाचा हाय?" बेंगळुरूच्या बाईंनी उत्तरात मुलांची खुशाली कळवलीच, वर स्वतःच्या गुडघ्यांची तक्रारही लिहिली. मायनं त्यांना निर्गुडीचा शेक सांगितला. निर्गुडीला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधण्यात माझा नेट कॅफेतला एक तास गेला.

पार्सल शिवायचं, पोस्टात न्यायचं, पावती जपायची, ही कामं माझी. पावती विसरले तर मालकीणबाई बोलायच्या. मी मनात म्हणायचे, बोल, एक जून येऊ दे.

अगदी सुरुवातीला मायच्या नावावर पहिलंच रजिस्टर पार्सल आलं. दारात माय उभी होती. आमच्या गल्लीत कितीतरी वर्षं टपाल टाकणारे पोस्टमनकाका, रोज मायच्या हातचं पाणी पिणारे. त्यांनी पार्सलवरचं नाव वाचलं आणि मायलाच विचारलं, "वहिनी, ही बाई कुठं राहते हो? नाव नवं दिसून राहिलं." माय लगेच बोलली नाही. मी आतून बघत होते, मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "मीच हाय ती." काका हसले, माय हसली, सही झाली. पार्सल घेऊन ती आत आली आणि पुन्हा एकदा वरचं नाव वाचत बसली. मला हसू आलं. मी बाबांना हा किस्सा सांगितला, तेही हसले.

माझं कॉलेजचं पहिलं वर्ष संपलं. आणि त्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका दुकानाचा करार आला. त्यांना वर्षभर आमच्या गोधड्या हव्या होत्या. बाबांनी तो वाचून काढला, दोन वाक्यं बदलून घेतली आणि म्हणाले, करार पक्का हाय. मी सांगून ठेवलं: सही मी करणार. एक जून आठवड्यावर आलाय, तोवर थांबा. पुण्याचे लोकही थांबले. मी वहीच्या मागच्या पानांवर सही घोटायला लागले. चांगली लफ्फेदार, शेवटी खाली ओढलेली रेघ, मालकाला शोभेल अशी.

एक जूनला बाबांनी सुट्टी काढली. मी नवा ड्रेस घातला. बाबांनी स्टँपपेपर आणला होता आणि त्यावर आपल्या वळणदार अक्षरात सगळं लिहून ठेवलं होतं. लिहून देणार माय, लिहून घेणार मी. आधी धंदा माझ्या नावावर, मग लगेच पुण्याच्या करारावर माझी सही, असा बेत. मायनं हात धुतले, पदराला पुसले, पेन घेतलं.

"यात काय लिवलंय?" तिनं विचारलं.

बाबांनी वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य नेहमीचंच होतं, असल्या सगळ्या कागदांत असतं ते: सदर व्यवसायाशी लिहून देणार यांचा यापुढे कसलाही हक्क व संबंध राहणार नाही.

मायनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "पोरगी लहान होती म्हून माझं नाव लावलं. मी मोठी हाय म्हून कवा कुनी लावलं?"

बाबांकडं प्रत्येक गोष्टीला एक कलम असायचं. ते कागदाकडं बघत राहिले, मग फोटोकडं, मग परत कागदाकडं. मला राग आला होता, हे खरंच सांगते. दीड वर्ष मी ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस माझ्या हातातून चालला होता. कल्पना माझी, वेबसाइट माझी, इंग्रजी माझं. मी तोंड उघडलं तेवढ्यात मला दारातली माय आठवली, पोस्टमनकाकांपुढं गप्प झालेली. तेव्हा तिला ऐकू आलं नव्हतं असं नव्हतं. आपल्याच दारात आपल्याच नावाचा पत्ता विचारला गेल्यावर बाई काय बोलणार? मी ते हसून सांगत फिरले होते. मला रडू यायला लागलं आणि राग काही जाईना, दोन्ही एकदम.

"ऱ्हाऊ द्या," मी बाबांना म्हटलं. "तिच्याच नावावर ऱ्हाऊ द्या."

"आन् स्टँपपेपर?" बाबा म्हणाले. "इकत आणलाय त्यो."

मायनं पुण्याचा करार पुढं ओढला. चौथीपर्यंत शिकलेली, तिनं एकेक अक्षर सुटं काढत प्रत्येक पानावर पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावाआधी स्वतःचं. घाई केली नाही.

"साक्षीदार दोन लागतात," बाबांना अखेर त्यांचं कलम सापडलं. एका रेघेवर त्यांनी स्वतः सही केली. मग पेनाचं टोपण लावता लावता थांबून म्हणाले, "दुसरा साक्षीदार अठरा भरलेला पायजे. हाय का कुनी असा घरात?"

मी पेन घेतलं. कायद्यानं मोठी झाल्यावर मी केलेली ती पहिली सही. मालकाच्या जागेसाठी घोटलेली लफ्फेदार सही साक्षीदाराच्या रेघेवर काही मावेना, म्हणून मला ती बारीक करावी लागली.

"नीट कर," माय वाकून बघत म्हणाली. "माझ्या नावाखाली हाय."