दगडूची बैठक आणि माझा गुडघा

म्हातारपणी केस जातात, दात जातात, पण किस्से मात्र पावसाळ्यातल्या गाजरगवतासारखे वाढतात. उपटा, पुन्हा हजर! त्यात आम्ही मोताळ्याच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमच्या दाराबाहेर बाकावर बसणारे. एकाला आत घेतलं की उरलेल्यांना गप्पांशिवाय धंदा नाही.

मी जन्मभर गवंडीकाम केलं. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर चांगला होता म्हणून. माझ्या शेजारी बसतो दगडू. मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करून म्हातारा झालेला. दगडू माझा जिवलग आहे. म्हणूनच मला तो सहन होत नाही.

कारण सांगतो. मलकापूरला तपासणीचं शिबिर होतं. म्हाताऱ्या माणसानं कसं बसावं, कसं उठावं, कसं चालावं, हे लोकांना करून दाखवायला मॅडम आमच्यातला एक माणूस निवडणार होत्या. तो मान मला पाहिजे होता. आणि माझा उजवा गुडघा चार वर्षांपासून दुखत होता. हे कोणालाच माहीत नव्हतं. लंगड्याला कोण निवडेल?

* * *

मॅडमच्या खोलीत छताला ओळंबा टांगलेला. दोरी आणि खाली वजन, आम्ही भिंत सरळ आहे का पाहतो तोच. माणसाला त्या दोरीजवळ उभं करायचं आणि बाजूनं कान, खांदा, कंबर, गुडघा, घोटा एका रेषेत येतात का ते पाहायचं. माझं हत्यार, आणि नाव मॅडमचं! माझ्या पोटात दुखलं.

मी बाकावर बातमी सोडली, की मॅडमची भिंतच कलती आहे, म्हणून सगळे वाकडे निघून राहिलेत. जानेफळचा एक पाव्हणा तर आत जाऊन दुसऱ्या भिंतीजवळ मोजा म्हणून अडून बसला.

मॅडमनं मला आत बोलावलं. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "काका, भिंत कलली तर ओळंबा पण कलतो का हो?"

चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला मी. खाली मान घालून बाहेर आलो.

* * *

तपासणी म्हटलं की आमच्याकडची माणसं फोटो काढायला आल्यासारखी येतात. धुतलेलं धोतर, टोपी सरळ, छाती पुढं, पोट आत, श्वास बंद. असा माणूस तपासून काय कळणार?

मॅडम हुशार. "झालं, जा आता," म्हणायच्या आणि मग तो दारापर्यंत कसा चालतो ते पाहायच्या. खरी परीक्षा तीच.

ही युक्ती मी पकडली आणि बाकावर फोडली. त्या आठवड्यात मॅडमच्या दारातून एकजात सगळे सरळ चालत गेले. बस स्टँडवर पोचून वाकले.

* * *

दगडू उकिडवा बसतो तर दोन्ही टाचा जमिनीला. आणि हात न टेकता उठतो. मॅडमनं त्याचा व्हिडिओ काढला. येईल त्याला मोबाइलवर दाखवायच्या, "बघा, असं बसता आलं पाहिजे." जसा काही दगडूनं नवाच शोध लावला! आम्ही काय जन्मभर खुर्चीवर बसलो?

जळफळत घरी गेलो. गोठ्यामागं कोणी नाही असं पाहून तसाच बसलो. बसणं जमलं. उठणं जमेना.

तेवढ्यात शेजारचा किसन आला. "काय पाहून राह्यले, आबा?"

म्हटलं, चाबी हरवली. तो बिचारा शोधायला लागला. त्याची बायको आली, ती पण लागली. पाऊण तास तिघं मिळून शोधत होतो, मी एका जागी बसून.

आणि किसनला चाबी सापडली! कोणाची, देव जाणे. मी त्याच्याच खांद्याला धरून उठलो, चाबी खिशात टाकली आणि घरात गेलो.

* * *

मॅडम दाराबाहेरच्या चपलाही उलट्या करून पाहायच्या. जो पाय दुखतो त्यावर माणूस भार देत नाही, मग दुसऱ्या पायाची टाच जास्त झिजते. माझ्या डाव्या चपलेची टाच पापडासारखी झालेली. म्हणून बाजाराच्या दिवशी गर्दीत माझी डावी दगडूच्या उजवीजवळ ठेवली, त्याची डावी माझ्या उजवीजवळ.

मॅडम आल्या. चारही चपला पाहिल्या. जोड्या बरोबर लावल्या आणि आत गेल्या.

दगडू म्हणाला, "पाह्य बे, डॉक्टर असून चपला लावते. मानलं पाहिजे." मी म्हटलं, हाव, मानलं.

* * *

आता शिबिर. मान कोणाचा, ते मॅडमनं अजून सांगितलं नव्हतं.

मॅडमनं मंडपात चादर अशी आडवी बांधली, की माणूस कमरेखालीच दिसावा. म्हणाल्या, चेहरा पाहिला की आपण फसतो, पाय पाहा. एकेकानं चादरीमागून चालायचं आणि सोबत आलेल्या घरच्यांनी आपला माणूस ओळखायचा.

दगडू गेला. त्याच्या सुनेनं लगेच ओळखला.

चार माणसांनंतर माझी पाळी. मी ठरवूनच गेलो होतो. दगडूसारखेच बारके, झपाझप पाय टाकले. पाठीवर कापसाची गठाण असल्यासारखे गुडघे जरा वाकवून, चवडे बाहेर. गुडघ्यात सुया टोचत होत्या, पण काय चाललो! मंडपातून आवाज आला, दगडू परत कसा आला? त्याची सूनसुद्धा म्हणाली, "मामाजीच हायेत."

मी चादरीमागं हसत उभा.

माझी बायको पहिल्या रांगेत शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "हे आमचे हायेत."

मॅडमनं विचारलं, "कशावरून, काकू?"

"लपवून चालून राह्यले ना. उजवा गुडघा दुखते त्यायचा. चार वर्सं झाले. रोज वाट पाह्यतो मी, आज सांगतीन, उद्या सांगतीन."

मॅडमनं चादर सोडली नाही. आपल्या शेजारची खुर्ची ओढली, बायकोला तिच्यावर बसवलं आणि पुढच्या माणसाला चालायला सांगितलं.

तो चालू लागला, तशी बायकोची नजर त्याच्या पायांवर गेली. मॅडम त्याच्या पायांकडं पाहतच नव्हत्या. माझ्या बायकोच्या तोंडाकडं पाहत होत्या.